मु. पो. अपडाऊन

आमच्या सरांना फोन करून "कुठं आहात?" असं विचारलं, तर उत्तरात राहत्या गावाचं नाव कधी येत नाही. "काटेपूर्णा सोडलं आत्ताच," असं येतं. किंवा "माना यायचं हाये." किंवा नुसतंच "आउटरवर." मागून चहावाल्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं, मग पूल लागल्यावर होणारा धडधडाट, आणि फोन बंद. गेली वीस-पंचवीस वर्षं मी त्यांना ओळखतो. त्यातला बराच काळ ते बोरगाव मंजू आणि कुरूम यांच्या दरम्यानच होते.

सरांचं घर अकोल्यात, जठारपेठेत. शाळा अमरावती जिल्ह्यात, बडनेऱ्याच्या पुढं आठ-दहा किलोमीटरवरच्या एका खेड्यात. त्यातलं अकोला-बडनेरा हे सुमारे 80 किलोमीटरचं अंतर सर रोज रेल्वेनं दोनदा कापतात. या उद्योगाला आमच्या वऱ्हाडात अपडाऊन म्हणतात आणि तो करणाऱ्याला अपडाऊनवाला. तो मास्तर असेल, बँकेत असेल, तहसीलमध्ये असेल, नाहीतर महावितरणमध्ये. गाडीच्या डब्यात मात्र तो 'सर' असतो. बाई असेल तर 'मॅडम'. हुद्दा, जात, पक्ष या सगळ्या गोष्टी सायकल स्टँडवर लावून तो वर चढतो. परतताना त्या तिथंच उभ्या असतात, चोरीला जात नाहीत.

हा शब्द पुण्याला कळत नाही. मागं एका लग्नात आमच्या पुण्याच्या आत्यांनी सरांची चौकशी केली. कुणीतरी म्हणालं, "बरे आहेत. फक्त अपडाऊन फार होतं हो त्यांचं." आत्यांचा चेहरा पडला. "अरेरे. मीठ बंद केलंय का?"

मुंबईतही तो चालत नाही. तिथं माणूस रोज विरारहून चर्चगेटला जातो आणि म्हणतो, "लोकलनं जातो." बस, विषय संपला. कोकणाकडं चाकरमानी हा शब्द आहे, पण तो वर्षातून एकदा गणपतीला अपडाऊन करणारा. त्या शब्दाचं नशीब थोर. 2025 च्या गणपतीआधी सरकारनं त्याची दखल घेतली आणि 'चाकरमानी नको, कोकणवासीय म्हणा' असं ठरवलं. आमच्या अपडाऊनवाल्याची अशी मानहानी व्हायची पाळी अजून आलेली नाही, कारण त्याला नक्की कुठला 'वासीय' म्हणायचं हाच प्रश्न आहे.

वऱ्हाडात या शब्दाचा संसार मोठा आहे. 'अपडाऊनचा डबा' म्हणजे पोळी-भाजीचाही आणि इंजिनापासूनचा तिसराही. संदर्भावरून समजून घ्यायचं. 'अपडाऊनची गाडी' म्हणजे रेल्वे नव्हे. बडनेऱ्याच्या स्टँडवर रात्रभर मुक्कामाला असलेली सरांची ती जुनी लुना, जिच्या सीटमधून स्पंज डोकावतो आणि जिला चोरांनीही कधी हात लावला नाही. (चांगली मोटारसायकल अकोल्याच्या स्टँडवर असते, दिवसा. दोन्ही वाहनांची आयुष्यात एकदाही भेट झालेली नाही.) पण मला सगळ्यात आवडतात ती या शब्दाची क्रियापदं. अपडाऊन नुसतं 'करत' नाहीत, ते 'लागतं'. "लग्न झालं अन् तिले अपडाऊन लागलं." आणि मग कधीतरी ते 'सुटतं'. "बदली झाली, एकदाचं अपडाऊन सुटलं भाऊचं." मराठीत साडेसाती लागते आणि सुटते, दारू लागते आणि सुटते. अपडाऊन त्याच घराण्यातलं.

लग्नाच्या बाजारातही हा शब्द तपासून घेतात. मुलीकडचे विचारतात, "पोरगा राह्यते कुठी?" मध्यस्थ म्हणतो, "अपडाऊन करते." मुलीचा बाप यातून एवढंच ऐकतो की पगार चालू आहे. मुलीची आई मनातल्या मनात तासांचा हिशेब करते. मुलीची आजी मात्र खूश असते. "बारा घंटे घरीच नसते म्हणा की. बरं हाये बाई."

आता थोडं शास्त्र. रेल्वेच्या भाषेत अप आणि डाऊन यांचा चढ-उताराशी संबंध नाही. इंग्रजांनी आपल्या देशात लंडनकडं जाणारी गाडी अप ठरवली, तीच रीत इकडं आणली आणि आपल्याकडं लंडनच्या जागी मुंबई बसवली. मुंबईकडं जाणारी ती अप, मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन. गाडीच्या नंबरातही ते दिसतं. मुंबईहून गोंदियाला जाणारी विदर्भ एक्सप्रेस 12105, विषम, म्हणजे डाऊन. परत येणारी 12106, सम, म्हणजे अप. या न्यायानं अमरावतीचा माणूस नोकरीला अकोल्यात आला तर सकाळी अप, संध्याकाळी डाऊन. त्याचं अपडाऊन शुद्ध. पण आमचे सर सकाळी अकोल्याहून बडनेऱ्याकडं निघतात, म्हणजे मुंबईकडं पाठ करून. ते आधी डाऊन जातात, मग अप येतात. काटेकोर बोलायचं तर सर डाऊनअप करतात.

हा शोध लागला त्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं तो सरांना सांगितला. त्यांनी तंबाखू चोळता चोळता ऐकून घेतला. चिमूट दाढेखाली सरकवली. मग म्हणाले, "मुंबई आपल्याले पगार देते का?"

"नाही."

"मंग. पगार होते तिकडं जाणं म्हनजे अप."

इंग्रजीतला कम्युटर हा शब्दही असाच पैशातून आला आहे. 1840 च्या सुमारास अमेरिकेत रोज जाणाऱ्यांना रेल्वे कंपन्या एकरकमी भाड्यात सवलतीचं तिकीट देत. भाडं कमी करून मिळतं म्हणून ते कम्युटेशन तिकीट, आणि ते वापरणारा तो कम्युटर. आपल्या एसटीच्या मासिक पासाचं गणित तेच आहे: 20 दिवसांचं भाडं भरा, 30 दिवस फिरा, तीन महिन्यांचा काढला तर 50 दिवसांच्या भाड्यात 90 दिवस. कायद्याच्या इंग्रजीत हेच क्रियापद कैद्याची शिक्षा सौम्य करण्यासाठी वापरतात, हेही मी सरांना सांगितलं. सर एकदम सावरून बसले. "म्हनजे शिक्षा हाये, हे त्यायलेही मालूम होतं!"

खरं तर मराठीत येरझार हा चांगला, मुरलेला शब्द होता. पण तो संतांनी आधीच घेऊन ठेवला. जन्म-मरणाची येरझार चुकव म्हणून देवाला आळवून झालं. आता रोजच्या बडनेरा-अकोल्याला तोच शब्द वापरायचा तर माणसाला वैराग्यच यायचं. त्यापेक्षा अपडाऊन बरं. त्यात मोक्षाची अट नाही, बदलीची आहे.

तर सरांचा दिवस. पहाटे उठणं, स्टँड, प्लॅटफॉर्म, हे काही मी सांगत बसत नाही. ते सगळीकडं सारखंच. डब्यात मात्र बघण्यासारखं असतं. जनरल डब्याला आरक्षण नसतं हा रेल्वेचा गैरसमज आहे. तिसऱ्या डब्यातल्या दुसऱ्या खिडकीवर गेली कित्येक वर्षं एका बँकेतल्या सरांचं नाव आहे. ते कुठंही लिहिलेलं नाही आणि ते सर्वांना माहीत आहे. एखादा नवखा तिथं बसलाच, तर त्याला कुणी उठवत नाही. चार जण त्याच्याकडं नुसते बघतात. मग एक जण विचारतो, "कुठी जाऊन राह्यले भाऊ?" तो म्हणतो, "नागपूर." मग सगळे मिळून हळहळतात, "लय लांब हाये," आणि त्याला पंख्याखालची जागा किती चांगली ते समजावून सांगतात. गाडी काटेपूर्ण्याला पोचेपर्यंत तो स्वखुशीनं पंख्याखाली उभा असतो.

मूर्तिजापूरला डबा भरतो. तिथले अपडाऊनवाले चढतात आणि अकोल्याचे अपडाऊनवाले, जे अर्ध्या तासापूर्वी "सरका ना भाऊ, आमचं डेलीचं हाये" म्हणत चढले होते, ते एकाएकी रुंद होतात. हिवाळ्यात तिथंच तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन बाया चढतात. मॅडम लोक त्या घेतात, मांडीवर पेपर पसरतात, आणि बडनेरा येईपर्यंत पावशेर दाणे निघतात. सरांच्या कितीतरी निवृत्त सहकाऱ्यांच्या पोटात त्या डब्यातले सोले आहेत. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि निम्म्या मॅडम बसकडं गेल्या. या योजनेबद्दल सरांना जाहीर तक्रार नाही, कारण घरात दोन सुना आहेत. पण एकदा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डब्यातली शेंग गेली राजेहो."

मूर्तिजापूर आलं की शकुंतलेचा विषय निघतोच. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी, ब्रिटिश कंपनीची. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. आता गाडी बंद आहे, गोष्टी चालू आहेत. प्रत्येक अपडाऊनवाल्याचे एक मामा शकुंतलेतून उतरून, वावरात जाऊन, बोरं वेचून, परत त्याच डब्यात चढलेले असतात. हे मामा इतके झाले आहेत की तेवढे प्रवासी त्या गाडीला मिळाले असते तर ती बंदच पडली नसती. पण ही गोष्ट सांगताना अपडाऊनवाल्यांच्या आवाजात एक मान असतो. घाई न करता अपडाऊन करणारी एक पिढी होऊन गेली, असा.

अमरावतीचं स्वतःचंही एक दुखणं आहे. 1867 मध्ये रेल्वेची मुख्य लाइन नागपूरला पोचली ती बडनेऱ्यावरून. अमरावती दहा किलोमीटर बाजूला राहिली. तिथला कापूस एवढा मोठा की चार वर्षांनी, 1871 मध्ये, बडनेरा-अमरावती फाटा टाकावा लागला. सरांचं म्हणणं असं की अमरावतीचा माणूस कुठंही निघाला तरी आधी बडनेऱ्याला जातो, म्हणजे हे अख्खं शहरच दीडशे वर्षं अपडाऊनवर आहे. अमरावतीकरांसमोर हे बोलू नये. ते विभागाचं ठिकाण आहे, विद्यापीठ आहे, आणि ते लगेच विचारतात की मग अकोल्याहून एवढी माणसं इकडं का येतात.

संध्याकाळचं गणित वेगळं. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्याला दुपारी येते. त्या वेळी सर फळ्यावर असतात. म्हणून महाराष्ट्र वेळेवर धावली की सरांचं नुकसान, दोन-तीन तास लेट झाली की सरांची ती हक्काची गाडी. देशात सगळे गाडी वेळेवर यावी म्हणून धडपडतात आणि बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर पन्नास सुशिक्षित माणसं ती लेट व्हावी म्हणून मनोभावे वाट बघत असतात. ती वेळेवर गेली असं कळलं की चेहरे उतरतात. मग उरते संध्याकाळनंतरची विदर्भ. तेव्हा प्लॅटफॉर्मवर जे संवाद होतात ते बाहेरच्या माणसानं ऐकले तर त्याला वाटेल की इथं परिसंवाद भरला आहे.

"काय झालं?"

"महाराष्ट्र केव्हाचीच पुढं निघून गेली."

"अन् विदर्भ?"

"विदर्भ मागंच हाये अजून."

"किती मागं?"

"कोन सांगते! विचारलं त बी सांगत नाई."

दांडेकर समितीनं 1984 मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजायला मोठा अहवाल लिहिला. बडनेऱ्याला तो रोज संध्याकाळी तोंडी सादर होतो.

रस्त्याचा पर्याय सरांना मान्य नाही. एसटीवर त्यांचा राग नाही, पण बसमध्ये पत्ते मांडता येत नाहीत. 2022 च्या जूनमध्ये मात्र सरांना रस्त्यानं छळलं. अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं आणि ते गिनीज बुकात गेलं. आधीचा विक्रम कतारचा होता, 25 किलोमीटरच्या आसपास. दोन दिवस सरांचा फोन वाजत होता. पुण्याच्या आत्यांचाही आला. "अहो, तुमचा रस्ता जगात पहिला आला!" सर सगळ्यांना एकच सांगत होते. "75 म्हनजे एका लेनचा. दोन लेननं मोजा, साडेसदतीस होते. एक अप, एक डाऊन." हे खरंही आहे. एकपदरी 75 म्हणजे दुपदरी साडेसदतीसच. पण जगाला विक्रम दिसला तिथं या माणसाला अपडाऊन दिसलं, याला काय म्हणावं? रात्री त्यांनी पासाच्या पाठीवर स्वतःचा विक्रम मांडला. रोजचे 160, वर्षाचे 220 दिवस, वर्षाला 35,200 किलोमीटर. तीस वर्षांत साडेदहा लाख. "चंद्राचं एक अपडाऊन झालं," ते मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. "दुसऱ्या खेपीले पोचायच्या आतच रिटायर होतो."

कोरोनाचा काळ सरांना फार वाईट गेला. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या, पास बंद झाले. पुढं गाड्या सुरू झाल्या तरी एक्सप्रेसचे जनरल डबे आरक्षित करून टाकले होते, पास चालेना. त्यात ऑक्टोबर 2021 अखेर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत ओढला गेला. शाळा नेमक्या त्याच काळात उघडत होत्या. मग पाच सरांनी मिळून एक मोटार ठरवली. ती व्यवस्था तीन आठवडे टिकली. भांडण पेट्रोलवरून झालं असं ते सांगतात. मला आतली माहिती आहे: मोटारीत प्रत्येकाला जागा होती. कुणाला सरकवता येत नव्हतं, कुणी उभं नव्हतं, कुणी नवखा नव्हता. दुसऱ्या आठवड्यात बोलायचे विषय संपले आणि तिसऱ्यात सगळ्यांना एकमेकांचे स्वभाव कळले. डब्यात वीस वर्षांत ही आपत्ती ओढवली नव्हती.

लॉकडाऊनमध्ये घरी असताना सर पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, फाटकापाशी उभे राहायचे. काकूंनी (सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो) पहिले काही दिवस चालवून घेतलं. मग एक दिवस त्या आतून ओरडल्या, "गाडी रद्द हाये! या आत."

आता थोडं नाजूक. सरकारी नियम असा की कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं. म्हणजे शाळा ज्या गावात, मास्तर त्या गावात. तसा तो राहिला तरच घरभाडे भत्ता. 2019 मध्ये तर ग्रामसभेचा ठराव आणा म्हणून फर्मान निघालं. त्यामुळे वऱ्हाडातल्या कितीतरी खेड्यांत, कागदावर, मोठी सुशिक्षित वस्ती आहे. एकेका घरात दोन पदवीधर आणि एक बी.एड. रात्री आठनंतर त्या वस्तीत दिवा दिसत नाही एवढंच.

मी या बाबतीत सरांची बाजू घेणार नाही. चूक आहे ती चूकच. पण एक सांगितलं पाहिजे. गावात राहणारा शिपाई पावणेअकराला येतो, शाळेला लागून घर असलेले हेडमास्तर डुलकी काढून येतात, आणि सर एवढ्या लांबून येऊन साडेदहाच्या प्रार्थनेला हात जोडून उभे असतात, कारण त्यांच्या मागं गाडी असते. संध्याकाळी सव्वापाचनंतर मात्र त्यांच्याशी देवानंही बोलू नये. त्यांचं शरीर स्टाफरूममध्ये आणि कान बडनेऱ्याच्या होम सिग्नलवर असतात.

या कागदी वस्तीचा खरा पेच मी पाहिला तो 2011 साली. त्या फेब्रुवारीत, 9 ते 28 तारखेदरम्यान, जनगणना होती आणि सर त्यांच्या शाळेच्या गावात प्रगणक होते. घरोघर जायचं, माणसं मोजायची. सर प्रामाणिकपणे मोजत गेले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्या घरापाशी पोचले जिथं ते स्वतः भाड्यानं राहत होते. कागदावर.

घरमालक आजोबा ओसरीवर बसले होते. पुढचा प्रसंग सरांनीच मला सांगितला. त्यांची एक गोष्ट चांगली, स्वतःवरचे विनोद ते पदरचं न घालता सांगतात.

"आजोबा, घरात माणसं किती?"

"सात." आजोबा जरा थांबले. "तुमाले धरून आठ."

"मले नका धरू."

"काहून? पंचायतीत त तुमी हा ना इथं. म्या सही देल्ली."

"ते पंचायतीत. शिरगणतीत नाई."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "म्हनजे तुमी हा, का नाई?"

सर म्हणाले, "दहा ते पाच हावो."

आजोबांना हे पटलं. त्यांनी सातच लिहू दिले. पण निघताना त्यांनी एक बारीक शंका काढली: सर तिकडं अकोल्यातही दहा ते पाच नसतात, मग तिकडचा मोजणारा आला आणि त्यालाही ते सापडले नाहीत, तर देशातून एक माणूस कमी होईल की नाही? सरांना त्या रात्री झोप लागली नाही असं काकू सांगतात. त्यांनी शेजारी सांगून ठेवलं, दारावर रविवारची वेळ लिहून चिकटवली.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास अकोल्याच्या प्रगणक मॅडम आल्या. मी तिथंच होतो, पेपर परत करायला गेलो होतो. मॅडम महापालिकेच्या शाळेतल्या. खांद्याला जड पिशवी, हातात फॉर्मचा गठ्ठा, आणि पायात ते बूट जे सरांनी दारातच ओळखले. कॅनव्हासचे, पुढून झिजलेले. प्लॅटफॉर्मवर धावून झिजतात तसे.

"मूर्तिजापूर?" सरांनी विचारलं.

"हो. तुम्ही बडनेरा?" मॅडम म्हणाल्या.

ओळख संपली. नावं फॉर्मात यायचीच होती.

नाव, वय, शिक्षण झालं. मग ते रकाने आले: राहत्या घरापासून कामाच्या ठिकाणाचं अंतर किती, आणि प्रवासाचं साधन कोणतं. सर ताठ झाले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं त्यांना त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. घरून स्टेशन मोटारसायकलनं, मग गाडी, कोणती गाडी ते महाराष्ट्र-विदर्भवर अवलंबून, मग बडनेऱ्याहून लुना, पावसाळ्यात नाला भरला तर पायी...

"साधन एकच लिहायचं असतं सर."

"एकच?"

"आकड्यात असतं. एक आकडा."

सर बराच वेळ विचारात पडले. "रेल्वे लिहा." लुनेशी बेइमानी झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"अंतर?"

"रोजचं 160, आणि लुनेचे आठ-दहा, दोन्हीकडचे..."

"एकीकडचं सांगा."

"एकीकडचं कसं? मी परत येतो ना."

"फॉर्मात एकीकडचंच आहे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. एवढं हताश मी त्यांना मूर्तिजापूरला गाडी तासभर उभी असतानाही पाहिलं नव्हतं. शेवटी डाऊन लिहिलं गेलं. अप भारत सरकारनं सोडून दिलं.

मॅडमनी गठ्ठा बांधला. काकूंनी चहा आणला. मॅडमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली आणि मग, सवयीनं, सरांकडं.

"पॅसेंजर मिळेल ना हो सर?"

सरांनी घड्याळ पाहिलं नाही. खिडकीबाहेर, पश्चिमेकडं, नुसती मान वळवली.

"पारस सोडलं असंल आत्ता. गायगावले थांबवते तिले दहा मिनिटं. घ्या आरामात चहा. मी सोडून देतो टेशनवर."

आणि किल्ली शोधायला उठले. रविवार होता. आतून काकूंचा आवाज आला, "मॅडम, हेही लिवा मा त्या फॉर्मात. सुट्टीच्या दिवशी दोन किलोमीटर."

"एकीकडचे," सर म्हणाले आणि किक मारली.